आरामरावाचे आदरातिथ्य

‘आरामरावाचा मृत्यू नागपूरच्या उन्हाने झाला, मंडळाकडून त्याच्या आदरातिथ्यात कोणतीही कसर राहिली नव्हती.’ धरमपेठेतल्या प्राणिमित्र मंडळाने वर्तमानपत्रांना दिलेले हे निवेदन डॉ. शामला गजभिये यांनी मंडळाच्याच चौकशी बैठकीत मोठ्याने वाचले. त्या प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका; तज्ज्ञ म्हणून त्यांना मुद्दाम बोलावले होते.

“उत्तरार्ध खरा आहे,” त्या म्हणाल्या. “त्या आदरातिथ्यानेच तो मेला.”

आरामराव म्हणजे स्लॉथ. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात फांदीला उलटा लटकून आयुष्य काढणारा, अंगावर शेवाळ मिरवणारा, आणि जमिनीवर फरपटणारा असला तरी पाण्यात झकास पोहणारा प्राणी. मंडळाने मे महिन्यात ‘स्लॉथ वाचवा सप्ताह’ साजरा केला आणि ज्याला वाचवायचे त्यालाच एका धनिकाच्या खाजगी संग्रहातून मागवून व्यासपीठावर मांडले. नागपूरकर उन्हाळ्यात आल्यागेल्याला आधी कूलरसमोर बसवतो, मग पाणी विचारतो. हा तर सातासमुद्रापलीकडचा पाहुणा! त्याचा पिंजरा थेट एसीच्या झोताखाली ठेवण्यात आला.

स्लॉथला आपल्यासारखी अंगाची ऊब राखता येत नाही. गारठा वाढला की पोटात पाला पचवणारे सूक्ष्मजीव मंदावतात, आणि पाला नुसता पाला राहतो. शवविच्छेदनात पोट गच्च भरलेले निघाले; शरीर मात्र उपासमारीने वाळलेले. सप्ताहभर लोक त्याला पाने भरवत होते, फोटो काढत होते, “पाहा, कसा हसून राहिला” म्हणत होते. स्लॉथच्या तोंडाची ठेवणच तशी असते. मेल्यावरही तो हसतच होता.

शामलाबाईंनी हे सारे शांतपणे, एकेक शब्द धार लावल्यासारखा सांगितले. अध्यक्ष वामनरावांवर काही परिणाम झाला नाही. त्यांना गुन्हेगार आधीच सापडला होता. पिंजऱ्याची राखण करणाऱ्या रोशनने एका दुपारी एसी बंद केला होता. त्याला कामावरून काढण्याचा ठराव तेवढा उरला होता.

“काहून बंद केला गा?”

“मले थंडी वाजून राहिली होती, साहेब.”

“मे महिन्यात थंडी! नागपुरात!” वामनराव सगळ्यांकडे पाहून हसले. “याले एक रजई घेऊन द्या रे कोणी.”

सभासद खो खो हसले. रोशन मान खाली घालून उभा राहिला. चिटणीस लतिका शामलाबाईंकडे वळली. “म्याडम, तुम्हीच सांगा बरं. उद्घाटनाले तुम्ही त्याच्या बाजूलेच बसून होत्या. तुम्हाले वाजली होती का थंडी?”

शामलाबाईंच्या जिभेवर एक बोचरे वाक्य तयार होते. तेवढ्यात त्यांना उद्घाटनाचा दिवस आठवला.

उद्घाटनाला त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता. मग त्या बोलल्या होत्या, आणि सुरेख बोलल्या होत्या: तोडलेल्या जंगलात स्लॉथला पुढची फांदीच कशी उरत नाही, माणसाच्या मिठी मारण्याच्या हौसेपायी पिले आईच्या अंगावरून कशी ओढून काढली जातात. शेवटी पिंजऱ्याकडे हात करून त्या म्हणाल्या होत्या, “हा आपल्याला स्वस्थता शिकवतो आहे.” टाळ्यांचा कडकडाट झाला होता. त्या टाळ्या आता त्यांच्या कानशिलांत तापू लागल्या. रोशनकडे पाहण्याचे त्यांना धाडस होईना.

“लतिका, ठराव राहू दे. माझा जबाब लिही,” त्या म्हणाल्या. “शब्दही बदलू नकोस.”

लतिकाने लिहिले:

‘मला थंडी वाजत होती. मे महिन्यात सत्काराची शाल फोटोपुरती घेऊन लगेच घडी करून ठेवायची, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी ती भाषण संपेपर्यंत गळ्याशी घट्ट धरून होते. माझ्यापासून हातभर अंतरावर तो अंगाची जुडी करून बसला होता. गारठ्याने त्याचे काय होते, हे त्या सभागृहात फक्त मला माहीत होते. एसी बंद करा, एवढे म्हणायचे मला सुचले नाही. मला शाल मिळाली होती.’