हाक अडवणारा हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. तसा म्हातारा नाही, तीनच वर्षांचा. पण बेळगावात टिळकवाडीच्या एका ऑफिसात ड्रॉवरमध्ये पडून आहे, म्हणून स्वतःला जुना म्हणतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, आणि खोकं दुकानातच राहिलं.

मला सुविधाने निवडलं. ती घरांचे नकाशे काढते. शेजारी कानडीतून फोन, समोर मराठीतून वाद, मध्ये घरघरणारा प्रिंटर, या गदारोळात तिची रेघ चुकायची. बाहेरचा आवाज आपोआप गिळणारा महागडा हेडफोन तिला परवडणारा नव्हता. आधी तिने एक स्वस्तातला आणला, तर त्याच्या वाट्यांना मागून जाळी! तिची गाणी शेजारच्या नागेंद्रला फुकटात ऐकू जायची. "मॅडम, आता दुसरं लावा की, हे पाठ झालं," असं तो चिडवायचा.

मग ती मैत्रीण पूर्णिमाला घेऊन दुकानात आली. माझ्या वाट्या मागून पक्क्या बंद, कानाभोवती मऊ गादी. सुविधाने मला घातलं आणि पूर्णिमाला मागून हाक मारायला सांगितलं. पूर्णिमा ओरडून दमली, ही ढिम्म.

"अगं, सगळं दुकान गोळा झालं, तुला काय बी ऐकू येईना!"

सुविधा हसली आणि मी तिचा झालो. खरं सांगतो, तेव्हा मला फार मोठेपणा वाटला.

दोन वर्षं मी मन लावून काम केलं. साहेबांनी तिच्या नकाशाचं कौतुक केलं की वाटे, यात थोडा वाटा माझाही.

एका दुपारी सगळे जेवायला गेले होते. सुविधा सवयीने मला लावून, दाराकडे पाठ करून नकाशा पुरा करत होती. तेवढ्यात निपाणीहून तिचे वडील सिद्राम आले. आयुष्यभर त्यांनी तंबाखूच्या वखारीत पोती उचललेली. मालकाच्या ऑफिसात बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही तिथली सवय अंगात मुरलेली. त्यांनी चपला काढल्या आणि दारातूनच थोरल्या लेकीला हाक मारली, "आक्का! ए आक्का!"

हाक माझ्या पाठीवर आदळली. मी ती आत जाऊ दिली नाही. मी घडलोच तसा होतो.

केर काढणारी मंगल म्हणाली, "आप्पा, आत जावा की. खांद्याला हात लावा."

"नगं गं. कानाला लावून कायतरी मोठं काम चाललंय तिचं. मोडाय नगं. तू बी उठवू नगंस."

जरा वेळ ते तिच्या पाठीकडे बघत उभे राहिले आणि निघून गेले.

संध्याकाळी मंगलकडून कळल्यावर सुविधाने घाईने फोन लावला. आप्पांचा तो आवाज मात्र मीच तिला स्वच्छ ऐकवला. "काय न्हाय गं, बाजाराला आलतो. तुला बघितलं, बरं वाटलं."

त्यानंतर नवव्या दिवशी आप्पा वारले. जलदानाचा विधी उरकल्यावर सुविधाच्या आईला, सुलाबाईंना, आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात बेळगावच्या एका डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. तारीख त्याच दिवसाची. छातीचा त्रास वाढलाय, घरच्या माणसाला घेऊन आजच दाखल व्हा, असं तिच्यात लिहिलं होतं. ते लेकीला दवाखान्यात सोबत न्यायला आले होते.

हे सगळं सुविधा पूर्णिमाला सांगत होती तेव्हा मी टेबलावरच होतो. ती मला आपटेल असं वाटलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"याचा काय दोष गं?" ती रडत म्हणाली. "आप्पा, हितं सरळ आत या, असं मीच त्यांना कधी सांगितलं न्हाय." मग तिने माझी वायर नीट गुंडाळली आणि मला ड्रॉवरमध्ये ठेवलं.

मित्रांनो, माझ्यासारखा हेडफोन निवडताना गादी बघा, आवाज बघा, किंमतही बघा. वापरून झाल्यावर पुसून ठेवा. पण त्याआधी घरच्या माणसांना हाताला धरून तुमच्या ऑफिसात आणा आणि एकदा तुमच्या खुर्चीवर बसवा. सुविधाच्या आप्पांनी तिची खुर्ची फक्त पाठीमागूनच पाहिली.