मडगार्डाची कड

भागवतच्या मनगटावर माजा पाना बसला आन् त्याच्या हातातली जीपची चावी मातीत पडली. चाकं खोलायचा लांब पाना हुता, नीट बसला असता तर हात कायमचा गेला असता. वाईट वाटलं का मला? काडीचंबी न्हाई. उलट आनखी एक द्यावासा वाटला. आता तो हात गळ्यात बांधून पारनेरच्या चौकात सांगत फिरतो, भावाच्या सासूनं भर मांडवात हाड मोडलं म्हनून. सांगू दे. पन का मोडलं ते तो सांगत न्हाई. ते मी सांगते.

मी पुष्पावती. घोडेगावच्या फाट्यावर, हमरस्त्याला, माजं टायरचं दुकान हाय. दुकान मालकांचं, म्हंजे नवऱ्याचं. ते काविळीनं गेले तवा आमची पंकजा शाळंत हुती. भाऊबंद म्हनले, दुकान इकून टाक. मी म्हनलं, तुमच्या तोंडात माती. पदर खोचला आन् ट्रकची चाकं खोलाया लागले. जनावरांचा बाजार भरला की टेम्पोवाले माज्या दारात रांग लावत्यात. आदी हसायचे, मंग हसायचे बंद झाले. पंकजा माज्या हाताखालीच वाढली. टायरच्या थप्पीवर पुस्तक ठिवून वाचायची आन् वाचता वाचता पंक्चरची टोकदार आरी माज्या हातात द्यायची. तिच्याबिगर मला कोन न्हाई, हे आत्ताच सांगून ठिवते.

स्थळ पारनेरचं आलं. नवरदेव आदिनाथ दूध डेअरीत कामाला, स्वभावानं गरीब गाय. घरात चालायचं थोरल्या भावाचं, ह्या भागवतचं. बाप रंभाजी नुसता मान हालवायचा. भागवतची काळी जीप हुती. तिला त्यानं मोबाईलवर बघून मॅगव्हील, फॅशनची चाकं, मागवली. रुंद, चकचकीत, मडगार्डाच्या बाहेर आलेली. लग्नाच्या थोडं आदी तो माज्याकडं आला, जुनी चाकं मागं टाकलेली.

"मावशी, मागून जरा घासतंय. बघा की."

बघितलं. धाकट्याच्या सदऱ्यात थोरल्याला कोंबावं तसली गत. मागं मानसं बसली की गाडी खाली दबनार आन् मडगार्डाची कड टायरवर बसनार. मी सरळ सांगितलं, "भागवतराव, ही चाकं ह्या गाडीची न्हाईत. जुनी घाला. न्हाईतर जरा बारीक टायर घ्या आन् मडगार्डाची कड तापवून, रोलर फिरवून हळूहळू आत वळवून घ्या."

"लग्नाच्या वरातीत जुनी चाकं? लोक शेन घालतील तोंडात." त्यानं जुनी चाकं माज्या दुकानात उतरवली. "पडू द्या हितंच. लगीन झाल्यावर बघू."

मंग ह्या शहान्यानं काय केलं? घरी जाऊन हातोड्यानं ती कड ठोकून वर दुमडली. मला फोन केला, "आता आवाज येत न्हाई बघा." अरे बाबा, रिकाम्या गाडीचा आवाज कसा यील?

लगीन आमच्या दारात, मांडव घालून. ऐन मे महिना, डांबर पायाला चिकटत हुतं. नवरदेवाची जीप मानसांनी खच्चून भरून आली. सनईवाले वाजवत हुते, बायका ओवाळत हुत्या, आन् मला रबर जळाल्याचा वास आला. तो वास मला झोपंतबी कळतो.

मी विधवा. त्यांच्याकडनं आदीच निरोप हुता, हळदीला म्होरं यायचं न्हाई, पाठवनीला तर न्हाईच न्हाई. नवरदेवाच्या गाडीवर माजी सावली नको. अक्षता पडल्या त्या मी सैपाकघराच्या दाराआडनं बघितल्या. पोटच्या पोरीच्या अक्षता. तेबी गिळलं. पोरीचं भलं हुतंय ना, मंग गिळावं.

पंगती बसल्या तवा मी गुपचूप जीपच्या मागं गेले आन् मडगार्डात हात घातला. ठोकलेला पत्रा फाटून त्याला कोयत्याची धार आली हुती. माजं बोट कापलं. टायरच्या खांद्यावर गोल चर पडला हुता, आन् त्या चरात पांढरे दोरे दिसत हुते. डाव्याला तसंच, उजव्यालाबी तसंच. दोरे दिसले की टायर मेला. तो नगरपातूर जाईल, न्हाईतर म्होरं सुप्याच्या चढाला फुटंल, कुठं फुटंल ते त्याच्याच मनात. आन् मागच्या शिटावर कोन बसनार? माजी पंकजा.

माजा भाऊ सुनील, पोरीचा मामा, तोच समदं करत हुता. त्याला सांगितलं. जुनी चाकं हाकंच्या अंतरावर हायत, बसवायला कितीसा येळ लागतो? तो हात जोडून रंभाजीकडं गेला आन् तोंड पाडून आला.

"अक्का, ते म्हनत्यात नवरदेवाची गाडी जॅकवर चढवत नसत्यात. आन् रांडमुंड बाईचा हात तर तिला लागूच द्यायचा न्हाई. तू आत बस."

"सुन्या, टायर फुटंल रं."

"काय फुटत न्हाई. चाकाखाली लिंबं ठिवलीत की."

लिंबं. चार चाकांखाली चार लिंबं, हळदकुंकू लावून. दोऱ्यापातूर कापलेला टायर आन् त्याच्याखाली लिंबू. मला हसू आलं आन् त्याच दमात असा संताप आला की डोळ्याला दिसंना.

मी मागच्या दारानं दुकानात गेले. पाना घेतला, आरी कमरंला खोचली. आले तवा पाठवनी चालली हुती. पंकजा मागच्या शिटावर बसलेली, आदिनाथ शेजारी, बायका हुंदके देत हुत्या, मागं भांड्यांची पोती. मी सैपाकघरातनं सरळ निघाले आन् जीपच्या म्होरं जाऊन हुबी ऱ्हायले. सनई मधीच बंद पडली.

भागवत चावी घिऊन आला. "मावशी, बाजूला व्हा."

"चाकं बदलून देते, मंग खुशाल जा."

"सुनील, तुज्या बहिनीला आवर."

आन् माज्या भावानं मला आवरलं. सगळ्या गावादेखत त्यानं माज्या थोबाडीत दिली. तोंडात रगताची चव आली. ज्याला मी कडंवर घिऊन वाढवला त्याचा हात. मी त्याला ढकलला तर भागवतनं माजा अंबाडा धरला आन् हिसडा दिला. मंग मी पाना फिरवला.

म्होरचं नीट आठवत न्हाई. मानसं अंगावर पडली. कुनी बरगडीत लाथ घातली, कुनी खुर्ची उचलून पाठीत हानली. भागवत मनगट धरून बोंबलत हुता, मारा हिला, चेटकीन हाय ही. मी गुडघ्यावर रांगत, लोकांच्या पायांतनं, मागच्या डाव्या चाकापातूर पोचले. आरी काढली आन् त्या पांढऱ्या दोऱ्यांत मुठीपातूर खुपसली. हवेचा झोत धुरळा घिऊन तोंडावर आला. जीप एका अंगानं खाली बसली. कुनीतरी माज्या हातावर बूट दिला, दोन बोटं कडकडली, आरी सुटली.

रंभाजी पयल्यांदाच बोलला. "पोरगी उतरवा खाली. आसल्या आईची लेक आमाला सून नको. न्हाईतर हिनं सगळ्यांम्होरं नाक घासावं."

मी घासलं. लाज कशाची? पोरगी जगनार असंल तर नाकाचं काय घिऊन बसायचं. मातीत डोकं टेकवून म्हनलं, चुकलं माजं, पन गाडी...

मला पुरतं बोलूबी दिलं न्हाई. भागवत वराडला, "जादाचं चाक लावा डावीकडं आन् हाला हितनं." दोघं जॅक घिऊन आले. आन् तवा माज्या ध्यानात आलं. मी एकच फोडला हुता. उजवा तसाच हुता, आन् माजा हात चालत नव्हता. एवढा मार खाल्ला, नाक घासलं, पोरीच्या लग्नाची माती केली, आन् तरी ती त्याच टायरावर जानार हुती. मी रडले तवा. मारानं न्हाई रडले, त्यानं रडले.

जीपचं दार उघडलं. पंकजा उतरली, शालू, मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा. मला वाटलं आता थुकंल माज्यावर. तिचा हक्कच हुता. ती माज्याजवळ वाकली, माज्या ओठाचं रगत बघितलं, मंग मातीतली आरी उचलली.

"आई, एकच फोडलास?"

ती उजवीकडं गेली. शालू गुडघ्यावर घिऊन उकिडवी बसली, मी शिकवलेलं तसं बोटानं दोरे चाचपले आन् आरी घातली. दुसराबी टायर बसला. भागवत धावला आन् चांगल्या हातानं तिच्या पाठीत धपाटा घातला. ती उठली आन् आरी त्याच्या पोटाला लावली. दाबली न्हाई, नुसती लावली. सदऱ्यावर रगताचा ठिपका आला.

"आनखी एकदा हात लावा, भावजी," ती म्हनली.

मंग तिनं जीपमधल्या आदिनाथला सांगितलं, "तुमची जुनी चाकं आईच्या दुकानात हायत. ती बसवा, मी येते. न्हाईतर मी हितंच ऱ्हाते."

दोन टायर बसलेले, जादाचं चाक एक, आन् फाट्यावर टायरचं दुकान एकच, माजं. रंभाजीनं मान खाली घातली. आदिनाथनं एकदा बापाकडं बघितलं. मंग त्यानं फेटा काढून शिटावर ठिवला, खाली उतरला आन् माज्याजवळ येऊन म्हनला, "मामी, पाना द्या."

चारीबी जुनी चाकं त्यानं लोटत आनली. माज्या बोटांनी नट धरवंना, म्हनून नट पंकजानं आवळले. एक सोडून एक, समोरासमोरचे, मी भुईवर बसून सांगितलं तसे. चुड्यातल्या निम्म्या बांगड्या फुटल्या. शालूला काळं लागलं. तिच्या सासरची एक बाई अपशकुन अपशकुन करत हुती, पंकजानं तिच्याकडं मानबी वळवली न्हाई.

निघताना भागवत म्हनला, "ह्या बाईनं आमच्या उंबऱ्यात पाय ठिवायचा न्हाई. आन् पोरीनं माहेरला यायचं न्हाई." सुनील खाली बघत हुता. मी पोरीला आशीर्वाद द्यायचा सोडून म्हनलं, "सुप्याला थांबून नट परत आवळून घे. नवी बसवलेली चाकं ढिली हुत्यात."

दिवस मावळायच्या आत तिचा फोन आला. "आई, आवळले." मंग मागं भागवतचा आवाज आला आन् फोन तुटला. तवापासून तिचा फोन लागत न्हाई. त्यांनी काढून घेतला असंल.

पन त्या धांदलीत मॅगव्हील माज्याकडंच ऱ्हायली. चारीच्या चारी, दुकानात, अगदी म्होरं लावून ठिवलीत. परवा भागवतचा मानूस टेम्पो घिऊन आला, म्हनला चाकं द्या. मी पाना उचलला तसा तो दोन पावलं मागं सरला.

"द्यायचीच हायत," मी म्हनलं. "भागवतला सांग, न्यायला माज्या पोरीला पाठव. दुसऱ्या कुनाच्या हातात मी देत न्हाई."

रोज सकाळी दुकान उघडलं की मी ती चाकं फडक्यानं पुसते. धूळ बसू देत न्हाई. त्याचा जीव हाय त्यांच्यात, तो किती दिस दम धरतो ते मी बघते.