सहासष्ट पौंड

बावन्न वर्षांचा, गुडघे दुखणारा माणूस पोरासोरांच्या गो-कार्टला रॉकेट बांधून त्यावर बसतो, आणि बायकोनं कडेला उभं राहून कौतुकानं हात हलवायचा. ओलेटा टॅकेट अकरा वर्षं हात हलवत होती. आता तिला त्या हाताचाही वीट आला होता.

अमेरिकेत, इंडियानातल्या या सरळ धावपट्टीवर रविवारी मोठ्या गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. मधल्या वेळात प्रेक्षक घरी पळू नयेत म्हणून तिच्या नवऱ्याला, व्हर्जिलला बोलवत. पाव मैल, पाच-सहा सेकंदांचा खेळ, मागं पांढऱ्या वाफेचा लोट. लोक हॉटडॉग चघळत शिट्ट्या मारायचे.

"एकदा फलकावर ताशी दोनशे वीस मैल दिसू दे," व्हर्जिल म्हणायचा, "त्याच दिवशी हेल्मेट खुंटीला." पहिल्या वर्षी तिला ते खरं वाटलं होतं. पण आकडा आपला दोनशे आठ, दोनशे अकरा, पुन्हा दोनशे सहा असा घुटमळत राहिला. खुंटी स्वयंपाकघरात केव्हाची ठोकलेली होती, तिच्यावर टॉवेल वाळत असायचा.

आता खरं सांगायचं तर यात तिचाही हात होता. रॉकेटच्या टाकीत इंधन, म्हणजे पेरॉक्साइड, ओतायचं काम तिचं. रबरी हातमोजे घालून, काट्यावर तोलून, व्हर्जिल सांगेल तितके पौंड. झडप एकदा उघडली की टाकी रिकामी होईपर्यंत ते यंत्र ढकलतच राहायचं. बंद करायची सोय त्यानं ठेवलीच नव्हती, का तर म्हणे वजन वाढतं. म्हणजे जास्त ओतलं की गडी गेला कुंपणापलीकडे. म्हणून तो सांगायचा त्यापेक्षा ती गुपचूप पाच पौंड कमी ओतायची. अकरा वर्षं, दर खेपेला.

गेल्या आठवड्यात घेवड्याच्या शेंगा मोडता मोडता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दोनशे वीस होत नाही ते आपल्यामुळेच, आणि होत नाही म्हणून हा बाबा थांबत नाही. तिला स्वतःचाच इतका राग आला की पातेलं आपटलं.

"आज सहासष्ट," हेल्मेटचा पट्टा आवळत व्हर्जिल म्हणाला.

"गेल्या वेळी चौसष्ट होतं."

"पेरॉक्साइडची वाफ करणाऱ्या चांदीच्या चाळण्या जुन्या झाल्यात. जोर कमी पडतोय."

"चाळण्या नाहीत, तू जुना झालायस."

"तू ओत, बाई. प्रवचन नंतर दे."

तिनं ओतलं. एकसष्टवर हात थांबला. मग तिनं दात-ओठ खाऊन उरलेले पाचही ओतले. गणित त्याचंच होतं, आणि गणितात तो कच्चा नव्हता. एकदाचं होऊ दे आणि सुटू दे, असं तिनं मनाशी म्हटलं.

वाफ उसळली. रेषा ओलांडली तरी कार्ट ढकललंच जात होतं. वेग थोपवायचं मागचं पॅराशूट उघडलं आणि जुन्या चादरीसारखं टर्रकन फाटलं. मग कुंपण मोडल्याचा आवाज आला आणि कार्ट पलीकडच्या मक्यात दिसेनासं झालं.

ओलेटा किती धावली ते तिचं तिलाच ठाऊक. कार्ट उलटं पडलं होतं. व्हर्जिल मक्यात बसून खांद्याजवळचं हाड धरून कण्हत होता. जिवंत होता. ती त्याच्या शेजारी मटकन बसली. मागं भोंग्यावर निवेदक ओरडत होता, दोनशे एकोणतीस म्हणून.

"किती ओतलंस?" व्हर्जिलनं विचारलं.

"सहासष्ट."

"सहासष्ट? अगं, सहासष्ट कोण ओततं? एकसष्ट ओतायचं ना!"

"तूच म्हणालास सहासष्ट."

"तू पाच कापतेस म्हणून. किती सेकंद ढकलतंय त्यावरून मला कळत नाही होय? मी पाच धरूनच सांगतो."

ती त्याच्याकडे वळली. "पहिल्यापासून माहीत होतं?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

"मग एकदा एकाहत्तर मागायचे होतेस. दोनशे वीस कधीच झालं असतं."

व्हर्जिलनं मक्याचं एक पान तोडलं आणि त्याच्या चिंध्या करत बसला. "झालं असतं, तर हेल्मेट टांगावं लागलं असतं."

अकरा वर्षं. अकरा वर्षं ती चोरासारखी मापात मारत आली आणि हा माणूस त्या चोरीवर निवांत झोपत आला. त्याला बडवावं असं तिला मनापासून वाटलं, पण हाड मोडलेलं होतं.

"दोनशे एकोणतीस," ती म्हणाली. "ऐकलंस ना? आता काय?"

लांबून रुग्णवाहिका येताना दिसत होती. मग त्यानं धडधाकट हातानं हेल्मेट काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"टांग खुंटीला," तो म्हणाला. "तू जर खरं मोजायला लागलीस, तर त्या गाडीवर बसायची माझी छाती नाही."

"हे दुसऱ्या महिन्यात सांगायला काय झालं होतं?" ओलेटा म्हणाली, आणि हेल्मेटमधली माती झाडायला लागली.