जिन्याच्या तोंडाशी ठेवलेलं स्टूल

लिफ्टच्या दारावर पाटी : फक्त डॉक्टर व कर्मचारी.

क्रेनच्या केबिनमध्ये उठून उभं राहिलं की हल्ली जमीन हलते. जमीन बिचारी जागच्या जागीच असते.

मेहुण्याचं म्हणणं, सगळं मिठामुळे. त्याआधीचं म्हणणं, सगळं मीठ सोडल्यामुळे.

बायकोच्या एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी.

जिन्याच्या तोंडाशी एक लोखंडी स्टूल.

तर स्टुलापासून सुरुवात करू. दवाखाना चौथ्या मजल्यावर. पेशंट धापा टाकत वर आला की कंपाउंडर त्याला दारातच स्टुलावर बसवायचा, दंडाला पट्टा गुंडाळायचा आणि रक्तदाब घ्यायचा. आत डॉक्टरांचा वेळ वाचावा म्हणून ही पद्धत. वेळ वाचायचा. पेशंटचं ज्याचं त्याने बघावं.

क्रेनवाल्याचा दाब वाढलेला आला, एक गोळी मिळाली. पुन्हा वाढलेला आला, दुसरी. मग तिसरी, आणि तिच्याबरोबर चक्कर. चक्कर सांगितली तेव्हा डॉक्टर म्हणाले, दाब वाढला की चक्कर येणारच, आणि चौथी लिहून दिली. इकडे कारखान्याला दाखला हवा होता, हा माणूस उंचावर काम करायला लायक आहे म्हणून. नाही मिळाला तर त्याला खाली उतरवून फाटकावर बसवणार होते. ज्याने आयुष्यभर साहेबांची टकलं वरून पाहिली, त्याने आता त्यांनाच सलाम ठोकायचे.

बायकोने दाबाचं मशीन आणलं. नवऱ्याला खुर्चीत निवांत बसवून मोजलं, तर जवळजवळ ठीक. कधी इतका कमी की तिलाच घाम फुटला. मेहुण्याने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यातला गृहस्थ सगळ्या गोळ्या फेकून द्या म्हणत होता आणि शेवटी स्वतःची पावडर विकत होता. बायकोने मेहुण्याला, म्हणजे आपल्या सख्ख्या भावाला, चहा पाजून वाटेला लावलं.

मग ती मशीन घेऊन डॉक्टरांकडे गेली, जिन्याचंही बोलली. डॉक्टरांनी ते खेळणं ठरवलं आणि जिना हा वैद्यकीय विषय नाही असं सांगितलं. नवरा शेजारी मान डोलावत बसलेला. क्रेनवर खालचा माणूस हात दाखवेल तसं ओझं हलवायचं, ही त्याची जन्माची सवय. डॉक्टरांनी हात दाखवला की तो गोळी गिळायचा.

घरी तिने विचारलं, "थांबायचा इशारा कुणाचा पाळता?"

"कुणाचाही. वाटसरूचासुद्धा. तो नियमच आहे."

"मग मला वाटसरू समजा."

चौथी गोळी आणली गेली नाही.

दाखल्याच्या दिवशी दोघं जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्यावर, बंद गोदामापाशी, ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. वर कंपाउंडरने नवऱ्याला स्टुलावर बसवलं. दाब नेहमीसारखाच, वाढलेला. ती मागाहून आली. अनवाणी पायाचं विचारलं तर म्हणाली, अंगठा तुटला चपलेचा.

मग डॉक्टर आले. जिन्याने. लिफ्ट म्हणे अडकली होती. शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड आ वासलेलं. समोर दिसलं त्या स्टुलावर ते बसले, आणि कंपाउंडरने सवयीने त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. बाकावरच्या सगळ्या माना पुढे आल्या.

डॉक्टरांनी हात ओढून घेतला. "आत्ता नको रे. दम तर खाऊ दे. चढून आल्यावर वाढलेलाच येणार."

एका आजोबांनी आपली गोळ्यांची पिशवी उलटीसुलटी करून पाहिली.

"डॉक्टरसाहेब," बायको म्हणाली, "ह्यांनाही जरा दम खाऊ द्याल का?"

दिला. आत, पंख्याखाली. थोड्या वेळाने दाब घेतला, पुन्हा घेतला. डॉक्टरांनी घसा साफ केला. "बघा, गोळ्या लागू पडल्या. आता दोन कमी करू. चक्कर थांबली की दाखला."

श्रेय त्यांनी स्वतःकडे ठेवलं. तिला ते नकोच होतं.

चक्कर थांबली. दाखलाही मिळाला. परतताना नवरा म्हणाला, माणूस चांगला आहे हं डॉक्टर.

"जिना चढला की बरेच जण चांगले होतात," ती म्हणाली.

त्या दिवशी लिफ्ट बिघडलेली नव्हती. ती दुसऱ्या मजल्यावर उभी होती, आणि तिच्या जाळीच्या दारात एक चप्पल अडकवलेली होती, अंगठा शाबूत असलेली.