लाल अक्षरं पुसू नका

शनिवारी सकाळी तिरोड्याजवळच्या कृषी महाविद्यालयात संगणकाच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत सोळाही मशीनना हळदकुंकू, दाराला लिंबूमिरची. प्राध्यापक मंडळी हात जोडून उभी, त्यांच्यामागे चोरखमारा गावाकडचे शेतकरी टाचा उंचावून बघत होते. मधल्या खुर्चीत यंत्रानंद महाराज डोळे मिटून बसले होते.

“मशीन मैया रूठी है,” महाराज पडद्यावर हात ठेवून म्हणाले. “शनी वक्री आहे, म्हणून डेटा उलटा वाहतो. मी त्याला सुलटा करतो. हां मुन्ना, दबाओ बटन!”

ऑपरेटर मुन्नालालने बटण दाबलं. अर्ध्या तासाने पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा उमटला. “जय हो!” म्हणून खोली दणाणली, नारळ फुटला. भिंतीशी उभ्या असलेल्या संशोधक भूमेश्वरीच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला, कारण तो नकाशा तिचा होता.

धानावर तुडतुडा ही कीड कुठे वाढणार, हे चार दिवस आधी सांगणारा प्रोग्राम तिने तीन वर्षं खपून लिहिला होता. काम एका संगणकाला न पेलणारं, म्हणून एकमेकांना जोडलेली सोळा मशीनं. रीत अशी, की कामाची चिठ्ठी लिहून रांगेत टाकायची. जे मशीन मोकळं होईल ते ती उचलतं. पण उन्हाळ्यात नवी मशीनं आली आणि रांगेतलं तिचं प्रत्येक काम दोन सेकंदांत मरू लागलं. विभागप्रमुख केवळराम सरांनी महाराजांना बोलावलं, आणि काय सांगावं, महाराज समोर बसले की काम होई! त्यांना पडद्यावर अक्षरं चालताना बघायची असत, म्हणून शनिवारी रांग सांभाळणारं मुख्य मशीन उघडायचं. एरवी त्याला हात लावायची सगळ्यांना बंदी.

महाराजांची आणखी एक आज्ञा होती. काम मेलं की मशीन मागे लाल अक्षरांची यादी सोडतं. ती अशुभ, न वाचता पुसायची. मुन्नालाल ती इमानेइतबारे पुसत होता. शिकलीसवरलेली माणसं हे मुकाट्याने बघत होती, आणि खरं सांगायचं तर भूमेश्वरीही बघत होती. सरांशी वाकडं कोण घेणार?

त्याच दुपारी महाराज दोन आठवड्यांसाठी बालाघाटला गेले. ऑक्टोबर होता, ढगाळ आणि उकाड्याचा. सोमवारी चोरखमाऱ्याहून तिच्या वडिलांचा, परसरामचा, फोन आला. “फवारू का नको, बाई?”

“बुधवारी सांगतो, बाबा.”

बुधवारी काम रांगेत मेलं. गुरुवारी मेलं. “महाराज येऊ देत,” केवळराम सर म्हणाले. पुढच्या सोमवारी पुन्हा मेलं आणि मुन्नालालचा हात पुसायला सरसावला, तेव्हा तिने तो धरला.

“अपशकुन होते ना, मॅडम.”

“भेतोस कायले गा? अक्षरंच तं आहेत.”

पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: पावसाच्या नोंदी कुठे ठेवल्या आहेत ते सांगितलेलं नाही. बस, एवढंच. चार महिने मशीन हेच सांगत होतं.

मग तिने रांगेत एक साधी चिठ्ठी टाकली: तुला कोणकोणती सेटिंग माहीत आहेत, तेवढी लिहून दे. मग बंदी मोडून, मुन्नालालच्या खात्यावर बसून मुख्य मशीनलाही तेच विचारलं. दोन याद्या शेजारी ठेवल्या. मुख्य मशीनच्या यादीत सतरा ओळी होत्या, रांगेतल्या मशीनच्या पाच. तिने राहिलेल्या ओळी चिठ्ठीतच लिहिल्या आणि काम रांगेत सोडलं. अर्ध्या तासात नकाशा आला. चोरखमाऱ्याभोवती सगळं लाल होतं. तिने लगेच घरी फोन लावला.

“बाबा, तुडतुडा येऊन राहिला, आजच फवारा!”

“आला, बाई. गुरुवारीच आला. धानाच्या चार बांध्या जळल्या. तू बुधवारी सांगणार होतीस ना?”

महाराज परतले त्या शनिवारी परसरामही आला, जळक्या धानाचं धसकट हातात घेऊन. भूमेश्वरी सगळ्यांसमोर उभी राहिली. जुनी चिठ्ठी तिने रांगेत टाकली आणि महाराजांना पडद्यावर हात ठेवायला सांगितलं. काम दोन सेकंदांत मेलं. मग महाराजांना चहाला बाहेर पाठवून नवी चिठ्ठी टाकली. नकाशा आला.

“मुख्य मशीनवर मुन्नालाल आपल्या खात्यात शिरतो, तेव्हा मशीन त्याची सेटिंगची फाईल वाचतं,” ती म्हणाली. “प्रोग्राम कुठे, नोंदी कुठे, सगळं त्यात आहे. रांगेतलं मशीन ती फाईल वाचत नाही. धानाच्या रोवणीला बाया नेल्या आणि पऱ्हे, म्हणजे रोपं, कुठे आहेत तेच सांगितलं नाही, तर त्या काय रोवतील? महाराज येत तेव्हा मुन्नालाल काम रांगेत न टाकता मुख्य मशीनवर हाताने चालवत होता. चमत्कार एवढाच.”

“माले तं एवढंच माहीत होतं का हातानं चालवलं का चालते,” मुन्नालाल पुटपुटला. “कायले चालते, ते महाराजानं विचारू नोको म्हटलं.”

तेवढ्यात महाराज चहा संपवून आत आले आणि हसले. “देखा? मैया ने बेटी को बुद्धी दी!”

केवळराम सरांनी सुस्कारा सोडला आणि टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. नारळ फुटला.

“टाळ्या नका वाजवू!” भूमेश्वरी ओरडली. “मशीन अडलं, माणूस आजारी पडला, पीक पिवळं पडलं, तर ते आपल्याला काही सांगत असते. ते वाचा. कळलं नाही तर विचारा. पुसून नका टाकू, हात जोडून सांगतो!”

तिचा आवाज “जय हो”मध्ये कोणाला ऐकू गेला नाही. मुन्नालालने पडद्यावरची लाल अक्षरं पुसली. महाराजांच्या पायाशी रांग लागली, आणि त्या रांगेत तिला परसराम दिसला. धसकट त्याने काखेत धरलं होतं.

“बाबा, तुम्ही पण?”

“तुझं खरं आहे, बाई,” तो हळूच म्हणाला. “पण उन्हाळी धान लावाचं आहे. पाया पडल्यानं आपलं काय जाते?”

“चार बांध्या गेल्या, बाबा.”

त्याने ऐकलं, आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकला.