प्रेताचा सत्कार

मसुदा एक. (मराठी मंडळाचे चिटणीस बाळासाहेब यांनी सत्काराच्या निवेदनासाठी लिहिलेला.)

'आलोक वर्तक. बँकेत नोकरी, राहणार महबूला, कुवेत. फुटबॉलपटू आणि गुणी नट.'

आलोकचा लगेच फोन.

"बाळासाहेब, अमेरिकन फुटबॉल. मी क्वार्टरबॅक आहे. बॉल फेकतो."

"हाताने?"

"हो."

"मग त्याला फुटबॉल कशाला म्हणायचं? बरं, करतो दुरुस्त."

मसुदा दोन.

'रग्बीपटू आणि गुणी नट.'

"रग्बी नाही हो! आणि नट कसला? प्रेत झालो होतो मी नाटकात."

"अरे, काय प्रेत होतं! चाळीस मिनिटं पापणी लवली नाही."

"सकाळच्या मॅचमध्ये बरगडी मोडली होती. हललो असतो तर किंचाळलो असतो."

"तेच म्हणतोय. भूमिकेसाठी केवढं सोसलंस!"

मसुद्यांत न मावलेलं आलोकचं थोडं आयुष्य मी, कथालेखक, इथे घुसवतो.

अकरा वर्षं, दर शुक्रवारी. मैदानावर दहा जण आलोकच्या इशाऱ्यावर धावायचे. मंडळातलं कुणी एकदाही फिरकलं नाही. नाटकाला मात्र सगळे हजर. पुढे दोन नाटकांत त्याला संवाद मिळाले. लोक म्हणाले, प्रेतच बरं होतं. आता वय एकोणचाळीस, या मोसमानंतर खेळ बंद. त्याआधी एकदा, भरल्या सभेत, मराठी माणसाने आपल्याला क्वार्टरबॅक म्हणावं. बास.

मसुदा तीन आलाच नाही. "निश्चिंत राहा," बाळासाहेब म्हणाले.

शाळेचं सभागृह. माइकवर मंडळाच्या निवेदिका राजश्रीताई:

"ज्यांचं प्रेत आपण विसरूच शकत नाही, असे आपले लाडके नट..."

टाळ्या. शाल. श्रीफळ.

आलोकने श्रीफळ तोललं. सोललेलं, त्याच्या लांबट बॉलसारखं टोकदार, शेंडी राखलेलं. बोटं आपोआप जागेवर बसली. पार मागे, दाराशी, ओवैस उभा होता. अहमदी गावाहून आलेला, आलोकने फेकलेला बॉल पकडणं हेच त्याचं संघातलं काम. आलोकने शाल बाजूला टाकली आणि एक पाऊल मागे घेतलं. ओवैसने ते पाऊल ओळखलं. तो मागच्या भिंतीलगत पळत सुटला.

नारळ तीनशे डोक्यांवरून गरगरत गेला आणि ओवैसच्या छातीशी विसावला.

"वाह, क्वार्टरबॅक!" ओवैस ओरडला.

शब्द उच्चारला गेला. पण मराठी माणसाकडून नाही.

मंडळाच्या स्मरणिकेतून:

'सत्कारमूर्तींनी श्रीफळ फेकण्याचा हुबेहूब अभिनय केला. नारळ अगदी खरा वाटत होता.'