शेगडीजवळचा बाक

"आजोबा, या खोपीत मी कुठे झोपणार?"

साइमीने हा प्रश्न भिंतीवरून विचारला. सगळ्यात वरच्या ओंडक्यावर ती घोड्यावर बसावं तशी दोन्हीकडे पाय सोडून बसली होती. मांडीवर ओल्या शेवाळाचं पोतं होतं आणि हातात ते ओंडक्यांच्या फटीत ठासायची लाकडी पट्टी. खाली जाळाभोवती पाचही पुरुष कॉफी पीत बसले होते. कुणीतरी सॉसेज टोचलेली काठी फिरवत होतं, ती फिरायची थांबली.

विचारायला लावलं होतं पेप्पी आणि नेआने. काल शाळेच्या बसमध्ये दोघी तिच्या मागे लागल्या होत्या. "सगळा उन्हाळा तू त्या लोकांच्या ओंडक्यांची सालं सोलतेस. तुझे हात बघ, राळेचा वास येतो. तिथे तुला जागा तरी आहे का? नाही विचारणार तू. लाव पैज." साइमीने पैज लावली, कारण या वर्षी तिला असं काहीही करून टाकायची सवय लागली होती. गेल्या वर्षीपर्यंत उत्तर येत असूनही ती वर्गात हात वर करत नसे. आता हात आधी वर जायचा आणि उत्तर मागून सुचायचं.

"गाडीत," इस्मोकाका म्हणाला. "मागची सीट छान आडवी होते."

"तुमच्या घोरण्यापेक्षा बरी," साइमी वरून म्हणाली. जाळाभोवती हसू पिकलं. इस्मोकाकाचा मुलगा आर्टू तर ठसका लागेपर्यंत हसला.

आजोबा हसले नाहीत. तौनो आजोबांनी पेल्यातला गाळ गवतावर झटकला. "झोपायचा बाक जंगलात जाणाऱ्याला," ते म्हणाले. "जो जात नाही तो शनिवारी जेवण घेऊन येतो, कॉफी पितो आणि संध्याकाळी घरी जातो."

"हा नियम कुणी केला?"

"माझ्या बापाने. जुन्या खोपीत पण हाच होता."

"आणि मी जंगलात गेले तर?"

तौनो आजोबांनी वर पाहिलं. उन्हामुळे त्यांनी डोळ्यांवर हात धरला होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही. "शेवाळ सैल भरतेयस," ते म्हणाले. "अजून ठास."

संध्याकाळी तिने मैत्रिणींना कळवलं, की विचारलं. काय म्हणाले, असं उलट आलं. शेवाळ ठास म्हणाले, असं तिने लिहिलं. नेआने हसून लोळणारे चेहरे पाठवले. साइमीला मात्र ते उत्तर नकारासारखं वाटलं नव्हतं. आजोबांना नाही म्हणायचं असलं की ते नाहीच म्हणत.

जुनी खोपी तीन हिवाळ्यांपूर्वी बर्फाच्या भाराने बसली होती. तेव्हापासून ऑक्टोबरात एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या थोराड हरणाच्या, शिकारीला जाणारे हे लोक रोज रात्री आपापल्या घरी परतत, आणि शेजारच्या रैयोच्या मते ती शिकार नव्हतीच, नोकरी होती. म्हणून तौनो आजोबांनी तळ्याकाठच्या आपल्या जंगलातले पाइन तोडले. वाफेच्या अंघोळीचा सौना गेल्या वर्षी उभा राहिला, कारण तो आधीच बांधायचा असतो. नाहीतर खोपी बांधताना अंघोळ कुठे करणार? या वर्षी खोपी.

साइमीचे बाबा पेत्री आणि इस्मोकाका सख्खे भाऊ असले तरी एरवी नाताळच्या जेवणाला भेटत आणि हवेबद्दल बोलत. पण ओंडक्याला दोन टोकं असतात. एकाने उचललं की दुसऱ्याला उचलावंच लागतं, आणि एकाची खाच चुकली की दुसऱ्याचा कोपरा हलतो. जूनमध्ये ते दोघं "वर", "खाली", "थांब" एवढंच बोलत. जुलैत एकमेकांच्या खाचांना नावं ठेवू लागले. ऑगस्टपर्यंत शिव्यांची अशी देवाणघेवाण चालू झाली की साइमीची आई एकदा जेवण घेऊन आली तेव्हा झाडाआड थांबून नुसती ऐकत राहिली. नंतर म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना इतके शब्द येतात हे मला माहीत नव्हतं."

ऑगस्टच्या शेवटी, शिकारीआधीच्या सरावासाठी, जंगलात कुत्री मोकळी सोडायची मुभा मिळाली. त्याच सकाळी तौनो आजोबा साइमीच्या घरी आले. त्यांच्या हातात त्यांच्या कुत्रीची, हाल्लाची, साखळी होती. हाल्ला राखाडी, शेपटी वळून पाठीवर टेकलेली. आजोबांनी खुर्ची घेतली नाही.

"बूट घाल," ते म्हणाले.

"कशाला?"

"जंगलात जायचंय म्हणत होतीस ना?"

साइमी तोंडातला घास तसाच ठेवून उठली.

कुत्र्यामागे चालणं हे काम या भागात कुणाही ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत. बाकीचे आपापल्या जागी बंदूक घेऊन बसून राहतात. कुत्र्यामागे चालणारा एकटा, दलदलीतून, पडलेल्या झाडांवरून, कुत्री नेईल तिकडे जातो. कुत्री एल्कला गाठते, त्याच्यापुढे उभी राहून भुंकते आणि त्याला जागेवर धरून ठेवते. माणसाने तेव्हा वारा तोंडावर घेत, आवाज न करता, तिच्या भुंकण्याकडे जायचं. तौनो आजोबा हे काम साइमीच्या बाबांच्या जन्माआधीपासून करत होते.

पहिल्याच रविवारी साइमीने घोळ केला. हाल्लाने टेकाडापलीकडे एल्क धरला होता आणि ती अखंड भुंकत होती. तो आवाज छातीत इतका जोरात वाजला की साइमीला राहवलं नाही. "शाब्बास, हाल्ला! शाब्बास!" ती ओरडली. हाल्लाने आपलं नाव ऐकलं आणि एल्क सोडून, जीभ बाहेर काढून, शाबासकी घ्यायला धावत आली. मागे फांद्या मोडल्याचा आवाज लांब लांब गेला.

तौनो आजोबांनी डोळे मिटले. बोलायचं काम इस्मोकाकाने केलं, आणि आठवडाभर केलं. साइमी दिसली की तो दोन्ही हात पसरून "शाब्बास, साइमी!" असं गळा काढून ओरडे. आर्टूने खोपीच्या दारावर कोळशाने एक एल्क काढला, त्याच्या तोंडातून शब्द काढले: थँक यू. साइमीने तो पुसू दिला नाही. पण त्यानंतर जंगलात तिच्या तोंडून आवाज निघाला नाही.

शाळा सुटली की आणि सुटीच्या दिवशी ते दोघं जात. आजोबा थोडं अंतर बरोबर चालत. मग एखाद्या पडलेल्या झाडावर बसत आणि म्हणत, "तू पुढे हो. मी ऐकतो." साइमी पुढे जाई. परत आली की ते विचारत, वारा कुठून होता, कुत्रीचा आवाज कधी बदलला, पाणी किती खोल होतं. सप्टेंबर अर्धा सरला तसं बसायचं झाड गाडीच्या जवळ जवळ येऊ लागलं. एकदा तर ते गाडीतून उतरलेच नाहीत. दार उघडं ठेवून, पाय बाहेर काढून बसले आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबत राहिले.

"परीक्षा घेतायत माझी," साइमीने पेप्पीला सांगितलं. "मुद्दाम एकटीला पाठवतात. मी काही घाबरणाऱ्यातली नाही."

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी बाकांचं माप होतं. छप्पर झालं होतं, जमीन झाली होती, कोपऱ्यात लोखंडी शेगडी बसली होती. आईने बटाटा आणि लाल आंबट बोरं भरलेल्या काळ्या पिठाच्या वाट्या आणल्या होत्या. त्या उभ्याउभ्या संपल्या. मग तौनो आजोबांनी कोळशाचा तुकडा घेतला. माप घ्यायची त्यांची रीत ठरलेली होती. माणसाने फळ्यांवर आडवं व्हायचं, टाचेपाशी एक रेघ, डोक्यावर मूठ ठेवून दुसरी रेघ. ज्याचं माप त्याचा बाक, दुसऱ्याने त्यावर हक्क सांगायचा नाही.

"रैयो."

रैयो आडवा झाला आणि त्याने छातीवर हात जोडले. "शवपेटी जरा ऐसपैस करा," तो म्हणाला.

"पेत्री." बाबा आडवे झाले. "इस्मो."

"ह्याचं रुंदीचं पण घ्या," बाबा म्हणाले.

"तुझ्या जिभेच्या लांबीचं घ्या आधी," इस्मोकाका आडवा पडूनच म्हणाला.

मग आर्टू. मग तौनो आजोबांनी कोळसा दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाले, "साइमी."

ती तयारच होती, तरी तिला ते खरं वाटायला एक क्षण लागला. ती फळ्यांवर आडवी झाली. वर नवं छप्पर पिवळं दिसत होतं, एका गाठीतून राळ ओघळून थांबली होती. आजोबा गुडघ्यावर बसायला लागले. त्यांनी शेगडीची कड धरली, एक पाय वाकवला, दुसरा वाकेना. तो तसाच लांब ठेवून ते खाली आले.

"अजून वाढणार आहेस?"

"नाही. झाले तेवढी झाले."

"मग मूठभर पुरे."

कोळसा तिच्या केसांना चाटून गेला. ती उडी मारून उठली. आजोबा खालीच होते. बाबांनी हात पुढे केला. आजोबांनी त्या हाताकडे असं पाहिलं की तो मागे गेला. मग शेगडी धरून, मधे एकदा थांबून, ते उभे राहिले. रैयो आणि आर्टू जमिनीकडे बघू लागले. ज्याला कशावरही काहीतरी सुचायचं तो इस्मोकाका धुराडं बघायला बाहेर गेला.

"काय झालं सगळ्यांना?" साइमी म्हणाली. "एका मुलीने एक बाक घेतला तर इतकी तोंडं पडली?"

"उद्या सकाळी आर्टू फळ्या कापेल," तौनो आजोबा म्हणाले. "कॉफी टाका."

परतताना गाडी आई चालवत होती. बाबा शेजारी बसले होते. मागे साइमी दोन्ही अंगठ्यांनी मैत्रिणींना लिहीत होती आणि तोंडानेही बोलत होती.

"मला वरचा हवा. खालच्यावर इस्मोकाकाचे मोजे पडतात म्हणे. बाबा, वरचा की खालचा?"

"शेगडीजवळचा," बाबा म्हणाले. "कुत्र्यामागे चालणारा तिथे झोपतो. कुत्री खाली झोपते, बूट वाळतात."

"तो तर आजोबांचा."

बाबा रस्त्याकडे बघत राहिले. वळणावर दोन रेनडियर रस्त्याच्या मधोमध उभे होते. आईने गाडी थांबवली. ते दोघं गाडीकडे बघत होते आणि हलायचं नाव घेत नव्हते.

"मग आजोबा वर चढणार? त्यांना कसं जमेल?" साइमी एकेक बोट मिटून मोजत म्हणाली. "वर रैयो, खाली इस्मोकाका. त्या भिंतीला वर आर्टू, खाली तुम्ही. शेगडीजवळ मी." तिचा अंगठाही मिटला होता. मूठ तशीच राहिली.

"आजोबांचं माप कुणी घेतलं?" तिने विचारलं.

आईने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "मघाशी मी भांडी धूत होते, तेव्हा आले होते," ती म्हणाली. "विचारत होते, ऑक्टोबरात शनिवारी जेवण घेऊन येशील तेव्हा तुझ्या गाडीत एक जागा असेल का."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला आज कळलं," बाबा म्हणाले. "ते खाली बसले तेव्हा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? सहावा बाक करू, म्हणून?"

"सहावा बसला असता तरी त्यांनी घेतला नसता. जंगलात जाणाऱ्यालाच. तुला सांगितलं तेच त्यांना."

एक रेनडियर बाजूला झाला. दुसरा तिथेच उभा राहून रस्त्यावरचं काहीतरी चाटत होता. साइमीच्या हातातला फोन थरथरला, परत थरथरला. नेआ आणि पेप्पी दोघी विचारत होत्या, मिळाली का जागा. तिने तो सीटवर पालथा ठेवला आणि दोन्ही सीटच्या मधून डोकं पुढे काढलं.

"ऐका. मी ठरवलंय," ती म्हणाली. "हाल्लामागे मीच जाणार. आता मागे हटले तर आजोबा त्या गुडघ्याने स्वतः जातील. पण मी त्या बाकावर झोपणार नाही. खाली झोपणार, हाल्लाजवळ, झोपायच्या पिशवीत. बाकावर आजोबा."

"साइमी, ज्याचं माप त्याचा—" बाबा म्हणू लागले.

"माप माझं आहे ना? मग बाक माझा. नियम म्हणतो जंगलात जाईल त्याला बाक मिळेल. त्याने तो स्वतःच वापरला पाहिजे असं कुठे म्हटलंय? जंगलातून मी हातातल्या रेडिओवर बोलले की कुत्रीचा आवाज ऐकून उत्तर देणारं कुणीतरी खोपीत लागेल. ते काम इस्मोकाकाला जमणार आहे का?"

बाबांचे खांदे हलले. ते हसले की काय, हे मागून कळलं नाही.

"ते ऐकायचे नाहीत," आई म्हणाली.

"माझी फळी मूठभर नाही, हातभर जास्त लांब लागेल. ते उंच आहेत," साइमी म्हणाली. "म्हणून उद्या आर्टू करवत चालवायच्या आत मला तिथे सोडायचं. आजोबांशी मी बोलणार. तुम्ही दोघांनी मधे एक शब्द बोलायचा नाही."